बारावीला ८९ टक्के, सीईटीला ८१ पर्सेंटाइल. इंजिनिअरिंगचं काय करावं?

धायरीकर आई

नमस्कार. मुलीच्या ॲडमिशनबद्दल विचारायचं आहे. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सुचवता येणार नाही.

मुलगी राज्य मंडळाची. सेमी इंग्लिशमधून दहावी, मग अकरावी-बारावी सायन्स रेग्युलर कॉलेजला. इंटिग्रेटेडला, म्हणजे कॉलेज आणि प्रवेश परीक्षेचा क्लास एकत्र असतो तिथे, घातलं नाही. एक तर ती फी आम्हाला झेपणारी नव्हती, आणि तिलाही कॉलेजला जाऊनच शिकायचं होतं. धायरी फाट्यावरून सकाळची बस धरायची, दुपारी घरी, संध्याकाळी स्वतःचा अभ्यास. बोर्डाची परीक्षा झाल्यावर सीईटीसाठी, म्हणजे इंजिनिअरिंगच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेसाठी, एक क्रॅश कोर्स केला, तेवढाच क्लास.

बारावीला ८९.३३ टक्के पडले. गणितात ९५, फिजिक्सला ९१, केमिस्ट्रीला ८८. घरात पेढे वाटले. मग सीईटीचा निकाल आला, पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) ८१.४ पर्सेंटाइल. आम्हाला आधी वाटलं, ८१ म्हणजे बरेच की. तिनेच सांगितलं की यात चांगलं कॉलेज मिळत नाही. त्या दिवसापासून ती फारशी बोलत नाही. एकदाच म्हणाली, "आई, मग बारावीचे मार्क नेमके कुठे वापरायचे?" मला काही सांगता आलं नाही.

तिला कम्प्युटर करायचं आहे. यजमानांचं नऱ्ह्यात फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, मी घरून पोळीभाजीचे डबे देते. उत्पन्न आठ लाखांच्या आत. आम्ही ओपनमधले. धाकटा आठवीत आहे.

दीर म्हणतात ड्रॉप घेऊ दे, एक वर्ष थांबून सीईटी परत देऊ दे. शेजारच्या काकू म्हणतात बीएस्सी कर, नाहीतर बीसीए. आणि आता एक फोन येतोय रोज. नंबर कुठून मिळाला कोण जाणे. "मॅनेजमेंट कोट्यातून पुण्यातच कम्प्युटर देतो, सीट कमी राहिल्यात, आधी टोकन भरा" असं म्हणतात. यजमान म्हणाले, वेळ पडली तर सोनं मोडू. मला ते पटत नाहीये, पण पैशांपायी मुलीचं नुकसान केलं असंही नको व्हायला.

बारावीच्या मार्कांवर कुठे ॲडमिशन मिळते का? ८१ला पुण्यात काय मिळेल? ड्रॉपमध्ये खरंच अर्थ आहे का?

चिंचवडचा दादा

ड्रॉप घ्या. माझ्या चुलत भावाने घेतला होता. ८० च्या आसपास होता, दुसऱ्या वेळी ९५ च्या वर गेला आणि आयटी मिळालं. बारावीला एवढे मार्क आहेत म्हणजे पोरगी हुशार आहे, तिचे वाढणारच. चार वर्षं चुकीच्या कॉलेजात घालवण्यापेक्षा एक वर्ष गेलेलं परवडलं.

एम-वन शिकवणारी

ताई, मी पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला गणित शिकवते, मुलं ज्याला एम-वन, एम-टू म्हणतात ते. ॲडमिशनच्या दिवसांत कागदपत्रं तपासायला सुविधा केंद्रावरही माझी ड्यूटी असते. त्यामुळे निकालानंतरचे हे चेहरे मी बघते, आणि तीच मुलं ऑगस्टनंतर वर्गात बसलेलीही बघते. तुमच्या मुलीसारखी मुलं दर वर्षी असतात. चांगल्यापैकी असतात.

आधी त्या फोनचं. टोकन भरू नका. सोनं तर अजिबात मोडू नका. खासगी विनाअनुदानित कॉलेजात संस्थेच्या पातळीवर भरायच्या जागा असतात हे खरं, पण त्याही गुणवत्तेने भरायच्या असतात. कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, आणि ठरलेल्या फीवर देणगी घेणं महाराष्ट्रात १९८७च्या कायद्यापासून गुन्हा आहे. फोनवरचा माणूस त्या कॉलेजचा कुणी नाही. तो तुमची काळजी विकतोय.

आणि याहून मोठं कारण तुमच्या घराशी थेट जोडलेलं आहे. ८ जुलै २०२४ला शासन निर्णय निघाला. त्यानुसार २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (ओपनमधला आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आधी ही सवलत निम्मी होती. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झाला पाहिजे. मॅनेजमेंटच्या जागेवर ही माफी नाही. म्हणजे तो माणूस तुमच्याकडून जास्तीचे पैसे घेणार आणि वर मुलीचा हक्क घालवणार. उद्याच्या उद्या सेतू केंद्रात जा, उत्पन्नाच्या दाखल्याला आणि ईडब्ल्यूएस प्रमाणपत्राला अर्ज टाका. जून-जुलैत तिथे रांगा लागतात. हा दाखला वेळेत नाही म्हणून रडणारे पालक मी केंद्रावर बघितलेत, ते बघवत नाही. माफीत न येणारे बाकीचे आकार कॉलेजगणिक वेगळे असतात, ते मात्र आधी विचारून ठेवा.

आता मार्कांचं. ८१ पर्सेंटाइल म्हणजे ८१ टक्के गुण नव्हेत. तिच्या सत्रात बसलेल्यांपैकी साधारण ८१ टक्के मुलं तिच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पेपर अनेक दिवस, वेगवेगळ्या सत्रांत चालतो, काही सत्रं अवघड निघतात, म्हणून २०१९ला परीक्षा कम्प्युटरवर गेली तेव्हापासून ही पद्धत आहे. दोनशेपैकी निम्म्याहून कमी गुणांनाही ८१ पर्सेंटाइल पडतात.

मग बोर्डात ९५ आणि इथे हे, असं का? बोर्डाचा गणिताचा पेपर ८० गुणांचा आणि २० अंतर्गत. फिजिक्स-केमिस्ट्रीला ७० लेखी, ३० प्रात्यक्षिक. पायऱ्यांना गुण मिळतात, विचार करायला वेळ मिळतो, अभ्यासक्रम फक्त बारावीचा. सीईटीत आधी फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न, ९० मिनिटं. एका प्रश्नाला एक मिनिटही येत नाही, ५४ सेकंद. त्यानंतर गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, त्यालाही ९० मिनिटं. आणि सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीचे. अकरावीची परीक्षा कॉलेज आपल्यापुरती घेतं, म्हणून रेग्युलर कॉलेजात ते वर्ष ढिलं जातं. इंटिग्रेटेडची मुलं दोन वर्षं हेच पर्याय सोडवत असतात. तुमच्या मुलीने बोर्डानंतरच्या थोड्या आठवड्यांत त्यांना गाठायचा प्रयत्न केला. माझ्या लेखी ते ८१ कमी नाहीत.

तेव्हा एक काम करा. निकालाआधी हरकती नोंदवायला सीईटी सेलने तिच्या लॉगिनला तिचा पेपर, तिने दिलेली उत्तरं आणि बरोबर उत्तरं दिली होती. ती पीडीएफ उतरवून घेतली असेल तर तिला वही घेऊन बसू दे. चुकलेला प्रत्येक प्रश्न तीनपैकी कशात बसतो ते लिहायचं: येत होता पण वेळ संपला, अकरावीचा होता, की बारावीचाच असून समजला नव्हता. ड्रॉप घ्यायचा की नाही हे त्या वहीतून ठरवा. चिंचवडच्या दादांच्या भावाचं भलं झालं, मला आनंद आहे. पण ड्रॉप घेऊन तिथेच राहिलेली किंवा खाली आलेली मुलंही मी बघितलीत. त्या वर्षभराच्या एकटेपणाबद्दल कुणी बोलत नाही. मैत्रिणी कॉलेजला जायला लागतात आणि ही घरात. जिची आत्ताच बोलायची इच्छा गेलीय, तिला मी घाईने त्यात ढकलणार नाही.

"बारावीचे मार्क कुठे वापरायचे" हा तिचा प्रश्न मला फार लागला. खरं उत्तर तिला मिळायला हवं. कॅपमधून इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला बारावी ही पात्रता आहे, ओपनला पीसीएमचे ४५ टक्के लागतात, बस. गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. दोघांचे पर्सेंटाइल सारखे असले आणि विषयवार पर्सेंटाइलनेही फरक पडला नाही, तरच बारावीचे गुण बघतात. २०१३ ते २०१६ या वर्षांत एनआयटीच्या प्रवेशाला बोर्डाचं ४० टक्के वजन होतं, २०१७पासून तेही काढलं. आता तिथे बारावीच्या ७५ टक्क्यांची अट आहे, तीही पात्रतेपुरतीच. हे मला पटत नाही, स्पष्टच सांगते. दोन वर्षं नियमाने वर्गात बसलेल्या मुलीच्या कामाचं वजन शून्य, हे बरोबर नाही. पण यंदाचा फॉर्म यंदाच्या नियमांवर भरायचाय.

बारावीच्या मार्कांना किंमत आहे असे दोन रस्ते आहेत. एक बीएस्सी, दुसरा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश. त्यातून गेलेले लोक इथे असतील तर त्यांनी लिहावं. बीसीएबद्दल एक सावधगिरी. बीबीए-बीसीएला २०२४पासून राज्याची वेगळी सीईटी आहे. तिने ती दिली नसेल तर काकूंचा तो सल्ला यंदापुरता बाजूला ठेवा.

८१ला काय मिळेल? सीओईपी, पीआयसीटी, व्हीआयटी, कमिन्स इथलं कम्प्युटर मिळणार नाही. हे एकदा मनाशी धरलं की पुढचं दिसायला लागतं. गेल्या वर्षीच्या कट-ऑफच्या याद्या सीईटी सेलच्या साइटवर आहेत. त्यात L ने सुरू होणारे रकाने मुलींच्या राखीव जागांचे, ईडब्ल्यूएसचा रकाना वेगळा. पालक पहिला G चा, म्हणजे सर्वसाधारण जागांचा, रकाना बघतात आणि हताश होतात. तुम्ही आधी L आणि ईडब्ल्यूएस बघा, आणि पहिल्या फेरीबरोबर शेवटच्या फेरीचेही आकडे बघा. वडगाव, नऱ्हे, कर्वेनगर, धनकवडी, कोंढवा या तुमच्या बाजूच्या पट्ट्यात कॉलेजं बरीच आहेत. कम्प्युटर नाही जमलं तरी ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन), इलेक्ट्रिकल, मेकॅनिकलला दारं उघडी सापडतील.

आणि माझ्या वर्गातलं सांगते. विद्यापीठाचा एंड-सेमचा पेपर लिहायचा असतो, पर्यायांवर टिचक्या मारायच्या नसतात. डबल इंटिग्रलमध्ये सीमा का बदलल्या, हे दोन ओळींत मांडता येणं तिथे लागतं. बोर्डाला मनापासून अभ्यास केलेली मुलं ते मांडतात. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागतो तेव्हा कुणाचे पर्सेंटाइल किती होते हे माझ्या यादीत कुठेच नसतं, आणि वरची नावं बघून मला ते ओळखताही येत नाही.

पॉलिटेक्निकवाली

मी त्या दुसऱ्या रस्त्याने गेले आहे म्हणून लिहिते. बारावी सायन्सनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेतात. तंत्रशिक्षण संचालनालयाची वेगळी प्रवेश प्रक्रिया असते, सीईटी लागत नाही. मी पुण्यातच कम्प्युटरचा डिप्लोमा केला, दोन वर्षं. त्याच्या शेवटच्या वर्षाच्या टक्क्यांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तिथेही सीईटी नाही. बारावीनंतर मला जे कॉलेज स्वप्नातही मिळालं नसतं, तिथून मी डिग्री घेतली. आता हिंजवडीत आहे.

तोटेही सांगते. दोन अधिक तीन, एकूण पाच वर्षं. म्हणजे ड्रॉपइतकंच एक वर्ष जातं, फक्त त्या वर्षात हातात काहीतरी येतं. डिप्लोमात प्रॅक्टिकल, मॅन्युअल, मायक्रो प्रोजेक्ट यांचं ओझं सतत असतं, गुण टिकवायला दोन्ही वर्षं नेटाने बसावं लागतं. दुसऱ्या वर्षाच्या जागा मोजक्या असतात, त्यामुळे चांगल्या कॉलेजच्या कम्प्युटरला डिप्लोमाचे मार्क फार उंच लागतात. आणि इंजिनिअरिंगला गेल्यावर एम-थ्री अंगावर येतो, कारण एम-वन, एम-टू आपण केलेलंच नसतं. वर्गातली बाकीची मुलं ते करून आलेली असतात. मी पहिल्या महिन्यात एका मैत्रिणीच्या जुन्या वह्या मागून आणल्या आणि रोज रात्री त्या सोडवल्या. तुमच्या मुलीला गणितात ९५ आहेत, तिला हे जड जाणार नाही.

घरात एक गोष्ट आधी बोलून घ्या. "बारावी सायन्स करून परत डिप्लोमा?" असं नातेवाईक विचारतात. माझ्या आईने प्रत्येकाला शांतपणे सांगितलं की ती इंजिनिअरच होणार आहे, दुसऱ्या दाराने. तो आधार मला फार होता.

संख्याशास्त्र

बीएस्सीबद्दल लिहितो. काकू म्हणतात म्हणून हलक्यात घेऊ नका. मी पुण्यातून स्टॅटिस्टिक्समध्ये बीएस्सी आणि एमएस्सी केलं, आता विमा क्षेत्रात जोखमीच्या हिशोबाचं काम करतो. गणितात ९५ मिळवणाऱ्या मुलीला हा विषय आवडण्याची शक्यता खूप आहे. फर्ग्युसन, एसपी, मॉडर्न, गरवारे, वाडिया, ही सगळी जुनी, चांगली विज्ञान महाविद्यालयं आपल्या शहरात आहेत, आणि बीएस्सीच्या बऱ्याचशा जागा बारावीच्या गुणांवर भरतात. काही विषयांना कॉलेज स्वतःची चाचणी घेतं, ते माहितीपत्रकात बघा. अनुदानित तुकडीची फी इंजिनिअरिंगच्या मानाने अगदी कमी असते, पण त्याच कॉलेजात विनाअनुदानित तुकडीही असते. कुठल्या तुकडीला प्रवेश मिळतोय हे काउंटरवर विचारून घ्या.

कम्प्युटरच हवं असेल तर बीएस्सी कम्प्युटर सायन्स आहे. त्याला बारावीला गणित लागतं आणि अभ्यासक्रमात गणित-इलेक्ट्रॉनिक्सही असतं. पुढे एमसीए, एमएस्सी, किंवा जॅम देऊन आयआयटीत एमएस्सी. जॅम हीही परीक्षाच आहे, पण तोवर ती तीन वर्षांनी मोठी झालेली असेल आणि एकाच विषयाची तयारी असेल.

महत्त्वाचं: या कॉलेजांचे अर्ज लवकर सुटतात, आणि कॅपचा निकाल यायच्या आत गुणवत्ता याद्या लागून जागा भरतात. इंजिनिअरिंगची वाट बघत बसलेल्या मुलांच्या हातून हे निसटतं. आजच दोन-तीन कॉलेजांचे फॉर्म भरून टाका. प्रवेश घेतला तर फी परतीचा नियम काय आहे ते लेखी विचारा, मूळ कागदपत्रं द्यायच्या आधी प्रती काढा.

धायरीकर आई

सगळ्यांचे किती आभार मानू. मॅडम, तुमचं उत्तर मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. मधेच ती स्वतःच मोबाइल घेऊन वाचायला लागली.

पीडीएफ तिने उतरवून ठेवली होती. काल दुपारपासून वही घेऊन बसली. फिजिक्स-केमिस्ट्रीच्या शेवटच्या बऱ्याच प्रश्नांना तिने नुसतं काहीतरी दाबलंय, चुकीला गुण कापत नाहीत म्हणून. वाचायलाच वेळ नव्हता म्हणे. गणितात बारावीचे बहुतेक बरोबर. अकरावीचे सर्कल, ट्रिगो, पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन यांत सगळी पडझड. "न समजलेलं" या रकान्यात फार थोडे निघाले. हे बघून ती जरा सावरली. जेवताना पहिल्यांदा नीट बोलली. ड्रॉप नको म्हणाली. "मला आता पुढचं शिकायचंय, तेच परत नको."

उत्पन्नाच्या दाखल्याला अर्ज दिला, पावती मिळाली. ईडब्ल्यूएसचाही देतोय. फोनवाल्याला यजमानांनी स्वतःच सांगितलं, परत फोन करू नका. बीएस्सीचे फॉर्म दोन ठिकाणी भरले, एक स्टॅटिस्टिक्सला, एक कम्प्युटर सायन्सला. संख्याशास्त्र दादा, तुमच्या कामाबद्दल तिने बरंच काही शोधून वाचलं. डिप्लोमाचं तिच्या बाबांना पटलंय, तिला अजून पाच वर्षं जास्त वाटताहेत.

आता एकच अडकलंय. तिला कॅपही भरायचंच आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मुलींच्या आणि ईडब्ल्यूएसच्या रकान्यांत बघितलं. घराजवळ, बसने अर्ध्या तासात, ईअँडटीसी मिळेलसं दिसतंय. कम्प्युटर मिळू शकेल अशी कॉलेजं आहेत ती जिल्ह्याबाहेर, हॉस्टेलला राहावं लागेल. फॉर्ममध्ये आधी काय टाकायचं? मोठं कॉलेज वर टाकलं तर पहिली फेरी वाया जाते असं एक जण म्हणाले, ते खरं का?

एम-वन शिकवणारी

वही भरली हे वाचून बरं वाटलं. ती वही टाकू नका. अकरावीचं जे राहिलंय ते तिने कॉलेज सुरू व्हायच्या आत भरून काढावं. एम-वनला त्रिकोणमिती रोज लागते.

मोठं कॉलेज वर टाकलं म्हणून काही वाया जात नाही. पसंतीक्रम वरून खाली वाचला जातो, आणि तिच्या क्रमांकावर जे पहिलं मिळू शकतं ते मिळतं. वरचं न मिळणारं टाकलं तर यंत्रणा पुढच्या पर्यायावर जाते, खालचा हक्क जात नाही. ३०० पर्याय टाकता येतात. लोक दहा-पंधरा टाकून थांबतात आणि मग काहीच मिळालं नाही म्हणून केंद्रावर येतात.

धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. २०२५च्या नियमांत फेऱ्या चार केल्या आणि आपोआप जागा पक्की होण्याची अट वाढवली. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एखादी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादी, तर ती घ्यावीच लागते, पुढच्या फेरीत बदलायची मुभा राहत नाही. म्हणून वरचे सहा पर्याय असे हवेत की मिळाले तर ती हसत जाईल. भीतीपोटी नको असलेलं वर टाकू नका. ती भरेल त्या वर्षाची माहितीपुस्तिका मात्र समोर ठेवा, हे नियम बदलत असतात.

घराजवळचं ईअँडटीसी की लांबचं कम्प्युटर, यात मी घराजवळच्या ईअँडटीसीच्या बाजूने आहे. हॉस्टेल आणि मेसचा खर्च फीमाफीत येत नाही, तो तुम्हाला चार वर्षं ओढायचाय, आणि मागे धाकटाही आहे. ईअँडटीसीला प्रोग्रामिंग असतं. कम्प्युटरच्या कंपन्या कॅम्पसला येतात तेव्हा ईअँडटीसीच्या मुलांनाही बऱ्याचदा बसू देतात. शिवाय डेटा सायन्स, एआय असे विषय मुख्य शाखेबरोबर ऑनर्स किंवा मायनर म्हणून घेता येतात का, हे त्या कॉलेजात विचारा. तिला घेऊन एकदा तिथे जाऊन या. लॅबमध्ये डोकवा, कॅन्टीनला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी तिला एकटीला बोलू दे, तास नियमित होतात का ते विचारू दे. ज्या शाखेला जायचंय तिला एनबीएचं, म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळाचं, मानांकन आहे का बघा. कॉलेजच्या नावापेक्षा शाखेचं बघायचं. ती म्हणाली कम्प्युटरशिवाय नको, तर मग बीएस्सी कम्प्युटर सायन्स लांबच्या हॉस्टेलपेक्षा मला बरं वाटतं. पण हे माझं झालं. पसंतीक्रम तिच्या हाताने भरला जाऊ दे, तुम्ही दोघं शेजारी बसा.

कागदपत्रांत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, वय-अधिवास-राष्ट्रीयत्वाचं प्रमाणपत्र, ईडब्ल्यूएस आणि उत्पन्नाचा दाखला हे बघा. आधार आणि बँक खातं तिच्या नावाने जोडलेलं हवं, महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या शासकीय पोर्टलवर, फीमाफीचा अर्ज करताना लागतं. दाखल्यांवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षरशः सारखं आहे ना, हे आजच ताडून बघा. फरक निघाला तर इथे लिहा, केंद्रावर त्याचं काय करतात ते सांगते.

धायरीकर आई

आत्ताच बघितलं. दाखल्यावर यजमानांचं नाव मधलं म्हणून बरोबर आहे, पण माझं नाव गुणपत्रिकेवर एका वेलांटीने वेगळं आहे. चालेल का?

एम-वन शिकवणारी

विद्यार्थिनीचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव जुळतंय ना, मग आईच्या नावातल्या वेलांटीसाठी कॅपचा अर्ज अडलेला मी बघितलेला नाही. तरी पडताळणीला जाताना तुमचं आधार कार्ड बरोबर ठेवा. आणि सकाळी लवकर जा, अकरानंतर सर्व्हर संथ होतो.